अट बोलून बघणारे भाई

“थांबा, आधी बोलून बघू,” असं म्हणून भाई कीबोर्डवरचे दोन्ही हात उचलत आणि मांडीवर ठेवत. मग पडद्यावरची कंसांनी आणि बाणांनी भरलेली इंग्रजी ओळ मोठ्याने मराठीत म्हणत. “मानूस अठराच्या वरचा हाय. वजन पंचेचाळीसच्या खाली न्हाई. आन् तीन म्हैन्यांत रगत दिल्यालं न्हाई.” सांगलीतल्या आमच्या दहा-बारा जणांच्या ऑफिसात नवीन आलेल्याला पहिले दोन दिवस वाटायचं, हे गृहस्थ कानात काहीतरी घालून फोनवर बोलतायत. तिसऱ्या दिवशी त्यालाही सवय व्हायची.

‘भाई’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे जो कोणी उभा राहिला असेल त्याला आधी घरी पाठवा. आमचे भाई पन्नाशीचे, किरकोळ अंगाचे, बारीक चौकड्यांचा शर्ट घालणारे आणि रस्ता ओलांडताना रिक्षावाल्याला “जावा तुमी आधी” म्हणणारे. मूळचे यमाईच्या औंधचे, वडील शिंपी. पुण्यातल्या मोठ्या कंपनीत पंधरा वर्षं काढून आईच्या आजारपणासाठी इकडे आले आणि आई गेल्यावर परत गेले नाहीत. आठवडाभर सांगलीत भाड्याच्या खोलीत राहायचे, शनिवारी औंधची गाडी धरायचे. इतकी वर्षं पुण्यात राहून तुमचं बोलणं कसं नाही बदललं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “आवं ताई, तितं बोलायला कुनाला येळ हुता?”

मी प्रोग्रामर नाही, हे आधीच सांगते. ग्राहकांचे फोन घेणं हे माझं काम. सॉफ्टवेअर बिघडलं की लोक पहिल्यांदा माझ्यावर ओरडतात, म्हणून त्यात काय चाललंय ते मला थोडंफार समजून घ्यावं लागतं. ते मला भाईंनी समजावलं, आणि फार चांगलं समजावलं.

आमचं सॉफ्टवेअर रक्तपेढ्यांसाठी होतं. रक्तदात्यांची नावं, गट, गाव, फोन, शेवटचं रक्त कधी दिलं ती तारीख. कोणाला रक्त हवं असलं की रक्तपेढीतला माणूस गट आणि तालुका निवडायचा आणि आमच्या प्रोग्रामने चालण्याजोग्या दात्यांची यादी काढून द्यायची. चालण्याजोगा कोण, ते ठरवणारी एक छोटीशी अट प्रोग्रामर लिहितात. तिला ते लॅम्डा म्हणतात, मी चाळणी म्हणते. भाईंनी माझा शब्द लगेच उचलला. पुढे ऑफिसातली पोरंही चाळणीच म्हणायला लागली.

भाई आले तेव्हा आमची चाळणी चुकीच्या जागी बसवलेली होती. नावांचा सगळा साठा डेटाबेसमध्ये. प्रोग्राम काय करायचा, तर तिथली सगळीच्या सगळी नावं ओढून आपल्याकडे आणायचा आणि मग चाळत बसायचा. चार किलो ज्वारीसाठी गोदामातली झाडून सगळी पोती घरी आणण्यातला प्रकार. सांगलीत हे खपून जायचं. पाटण, कोयनानगरकडे, जिथे डोंगराने नेटवर्क खाल्लेलं, तिथला माणूस बटण दाबून चहा पिऊन यायचा तरी चक्र फिरतच असायचं. आणि मग मला फोन.

भाईंनी यावर दुभाषा लिहिला. आपण लिहिलेली अट तो आधी उकलायचा, तिचे तुकडे करायचा, एकेका तुकड्याला डेटाबेसच्या भाषेतला शब्द शोधायचा आणि सगळं पुन्हा जोडून डेटाबेसकडेच पाठवायचा. चाळायचं काम गोदामातच उरकायचं. चार महिने ते यावर बसले होते. काम पूर्ण झालं त्या दिवशी कोयनानगरच्या एका आरोग्य केंद्रातून फोन आला, “म्याडम, यादी लगेच आली, काय बिघडलंय का?” भाईंना ही तक्रार इतकी आवडली की त्यांनी खालच्या दुकानातून सगळ्यांना भडंग आणलं.

आता त्यांच्या तपासणीची पद्धत सांगते, कारण अशी पद्धत तुम्ही दुसरीकडे पाहिली नसेल. आमच्याकडे चहा घेऊन येणाऱ्या मावशी होत्या. कोणीही नवीन अट लिहिली की भाई ती मराठीत म्हणायचे आणि मावशींना ऐकवायचे. मावशींनी उलट प्रश्न केला तर अट परत. एकदा आमच्या एका हुशार मुलीने लिहिलेली अट त्यांनी वाचली, “मानूस पुरुष असंल, किंवा बाई असंल आन् वय अठराच्या वर असंल.” मावशी कप भरता भरता म्हणाल्या, “मंग पुरुष धा वर्साचा असला तरी चालतोय व्हय?” ती मुलगी इंजिनीअर. दोन दिवस कोणाशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिने स्वतःच कंस दुरुस्त केला आणि मावशींना जाऊन विचारलं, आता बरोबर आहे का.

“मानसाला कळलं तर मशीनला कळवता येतंय,” हे भाईंचं आणखी एक नेहमीचं वाक्य. ते मला पटायचं. आजही बरंचसं पटतं.

त्या वर्षी गणपतीच्या आधी आठवडाभर एका सकाळी मला कराडहून रक्तपेढीचा फोन आला. एका दवाखान्यात कोयनेकडची बाळंतीण आली होती. रक्तस्राव थांबत नव्हता. ओ निगेटिव्ह हवं होतं, पेढीत एकच पिशवी होती. “पाटण तालुक्यात एकबी नाव दावत न्हाई तुमची यादी. जरा बघता का?” मी माझ्या पडद्यावर पाहिलं. यादी झटकन आली आणि कोरी आली. मी म्हणाले, “नाही हो, कोणी नाही.” त्यांनी कोल्हापूरला माणूस धाडला. रक्त आलं तेव्हा दुपार उलटली होती. बाई गेली, मुलगी राहिली. हे मला त्याच माणसाने संध्याकाळी सांगितलं, बाईचं गावही सांगितलं. मी हळहळले आणि घरी गेले. अशा हळहळीची आमच्या धंद्यात सवय होते.

पुढे दोन-अडीच महिन्यांनी पाटणकडच्या एका कॉलेजातल्या मास्तरांचा फोन आला. त्यांनी उन्हाळ्यात शिबिर घेतलं होतं. पुष्कळ लोकांनी नाव लिहिलं, बोटातून रक्त देऊन गट तपासला आणि रांग लांब आहे म्हणून रक्त न देताच घरी गेले. “ही माणसं पुन्हा बोलावली तर येतील की. पण तुमच्या यादीत त्यांचं नावच निघत नाही,” मास्तर म्हणाले. मी हे भाईंना सांगितलं.

भाईंनी हात मांडीवर ठेवले. अट म्हणून पाहिली. बरोबर होती. मग त्यांनी आपल्या दुभाष्याने डेटाबेसला काय सांगितलंय ते उघडलं आणि तेही म्हणून पाहिलं. पहिल्यांदा मोठ्याने, दुसऱ्यांदा पुटपुटत. तिसऱ्यांदा नुसतेच बघत राहिले.

मला त्यांनी समजावलं ते असं. ज्याने कधीच रक्त दिलेलं नाही त्याचा तारखेचा रकाना कोरा. याने तीन महिन्यांत रक्त दिलंय का? तुम्ही-मी म्हणू, दिलेलं दिसत नाही, म्हणजे चालेल. आमचा जुना, रखडत चालणारा प्रोग्रामही तसंच म्हणायचा. डेटाबेसची रीत वेगळी. कोरा रकाना दिसला की तो म्हणतो, मला माहीत नाही. आणि जे माहीत नाही ते तो यादीत घेत नाही. चूक झाली म्हणून तांबडी अक्षरंही दाखवत नाही. ज्यांनी आजवर रक्त दिलं नव्हतं, म्हणजे जे केव्हाही देऊ शकले असते, ते सगळेच्या सगळे भाईंच्या भाषांतरात गळाले होते.

“गणपतीच्या आधीची कराडची बाई,” भाई म्हणाले. त्यांनी त्या दिवसाची यादी दुरुस्त अटीने पुन्हा काढली. पाटण तालुका, ओ निगेटिव्ह. दोन नावं आली. त्यातलं एक त्या बाईच्याच गावचं.

दुरुस्ती अर्ध्या दिवसात झाली. खरं तर दोन शब्दांची होती, ‘किंवा कोरा’. ती सगळ्या पेढ्यांना पाठवली आणि कोणाकोणाला चुकीच्या याद्या गेल्या तेही कळवलं. इथवर आमच्या साहेबांनी काही अडवलं नाही. साहेब चांगला माणूस, त्यांनी स्वतः पत्रावर सही केली. पण भाई म्हणाले, “त्या घरी जाऊन सांगायला पायजे,” तेव्हा ते खुर्चीतून उठले. “कशासाठी? डॉक्टरांनीच सांगितलंय, रक्त वेळेत आलं असतं तरी खात्री नव्हती. त्यांचं दुःख आत्ता कुठे बसतंय. तुम्ही जाऊन काय देणार त्यांना?” मीही साहेबांच्याच बाजूने होते. तसं बोललेही.

भाईंनी वाद घातला नाही. “त्यांनी इचारलं हुतं,” एवढंच म्हणाले. “आपुन उत्तर दिलं, ते चुकलं. मंग सांगायला नको?”

दुसऱ्या दिवशी मावशी आल्या तेव्हा भाई त्यांच्यापुढे उभे राहिले आणि म्हणाले, “मावशी, ती तीन म्हैन्यांची अट तुमी बरोबर हाय म्हनला हुतासा. बरोबरच हुती. म्या फुडं चुकलो.” मावशींना अट आठवत नव्हती. पण त्यांनी किटली खाली ठेवली आणि “असूंद्या हो भाई,” म्हणाल्या. त्यांना काय असू द्यायचं होतं ते मी त्यांना सांगितलं नाही.

आम्ही दोघं गेलो. भाईंना एकटं कसं पाठवायचं, म्हणून मी निघाले असं घरी सांगितलं. खरी गोष्ट ही की फोनवर ‘नाही’ म्हणणारा आवाज माझा होता. सांगली-कराड एसटी, तिथून चिपळूणकडे जाणारी दुसरी. पाटण सोडलं आणि भाईंनी बोलून बघायला सुरुवात केली. “तुमच्या घरातल्या बाईंना... न्हाई. आमच्या मशीनच्या चुकीमुळं... न्हाई, मशीनची न्हाई.” दरवेळी वाक्य अर्ध्यात खोडायचे आणि नवीन धरायचे. पुढच्या बाकावरच्या पागोटेवाल्याने तीनदा वळून बघितलं. शेवटी त्याने विचारलं, “पावनं, भाषण हाय व्हय कुटं?” भाई म्हणाले, “व्हय, लय अवघड हाय.” मला हसू आलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली.

कोयनानगरच्या अलीकडे फाट्यावर उतरून थोडं चाललो. गावात शिरताना पिठाची गिरणी होती. दारावर मालकाचं नाव रंगवलेलं. मी वाचलं. भाईंनीही वाचलं. आमच्या दोन नावांच्या यादीतलं ते नाव होतं.

गिरणीवाला बाहेर आला, भुवयांपर्यंत पांढरा. कोणाकडे जायचंय ते विचारलं आणि पीठ झटकत म्हणाला, “चला की, दावतो. तिसरंच घर हाय.” आम्हाला सोडून तो परत जाईल असं वाटलं होतं. पण गावची रीत, पाहुणे आणले तो पायरीवर टेकला. त्याला जा म्हणायचं कोणी आणि कसं?

नवरा तिशीचा होता, फाटा ते पाटण माणसं भरून नेणारी वडापची जीप चालवायचा. त्याची आई आत झोळी हलवत होती. भाईंची गाडीतली सगळी वाक्यं गेली कुठे कोण जाणे. ते उभ्यानेच म्हणाले, “आमी सांगलीचे. रगत देनाऱ्यांची यादी आमच्या मशीनवर हुती. त्या दिशी कराडातनं इचारलं, तवा आमी न्हाई म्हनून सांगितलं. ते चुकीचं हुतं. मानूस हुता. म्या केल्याल्या चुकीनं त्येचं नाव दिसलं न्हाई.”

“आणि फोनवर नाही म्हणाले ते मी,” मी म्हणाले. हे बोलायचं मी ठरवलं नव्हतं.

तो चौकट धरून उभा राहिला. मग म्हणाला, “कोन मानूस?”

भाईंनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“आमच्याकडचा हाय? गावातला हाय?”

आता तुम्ही भाईंच्या जागी उभे राहून बघा. सगळं खरं सांगायचं म्हणून हा माणूस दोन एसट्या बदलून आला होता. आणि ते नाव पायरीवर बसून हातावरचं पीठ चोळत होतं. भाईंची मान वळली नाही. माझी वळू नये म्हणून मी झोळीकडे डोळे लावले.

“त्येला काय म्हाईत न्हाई,” भाई म्हणाले. “त्येला कुनी बोलावलंच न्हाई. त्येचं नाव म्या सांगनार न्हाई. नाव पायजे तर माझं लिवून घ्या.” आणि त्यांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, औंधचा पत्ता सांगितला, खिशातून ऑफिसचं कार्ड काढून चौकटीजवळच्या कोनाड्यात ठेवलं.

“मंग आलता कशाला?” तो ओरडला. झोळीतली पोर दचकून रडायला लागली. तो आत गेला आणि पुन्हा बाहेर आला नाही. म्हातारी झोळी हलवत राहिली. “च्या घेनार का?” असं तिने विचारलं. सवयीने विचारलं असावं. आम्ही नको म्हणालो.

फाट्यापर्यंत गिरणीवाला सोबत आला. वाटेत म्हणाला, “लय जड काम केलं तुमी. पर त्यो मानूस कोन का असंना, त्येला कदी कळू नगा दिऊ. झोप लागायची न्हाई त्येला.”

“न्हाई देत,” भाई म्हणाले.

मला त्या दिवशी भाईंचा फार राग आला होता, हेही सांगून टाकते. जे झाकलेलं होतं ते यांनी उघडं केलं आणि अर्धंच उघडं केलं, आणि एका घरात पुन्हा रडारड लावून दिली. कराडच्या स्टँडवर मी त्यांना तसं म्हणालेही. ते वडापाव खात होते. म्हणाले, “ताई, तुमचं बरोबर आसंल.” आणि दुसरा वडापाव घेतला.

त्यानंतर भाई तेच काम करत राहिले. फरक एवढाच की रोज जेवणाच्या सुट्टीत ते कोऱ्या तारखांची एक यादी घेऊन बसायचे. रक्तपेढीची परवानगी काढली होती. एकेकाला फोन लावून, “नमस्कार, सांगलीतनं बोलतोय, तुमी कवा रगत दिलंय का?” असं विचारायचे. हे प्रोग्रामरचं काम नव्हे, असं साहेबांनी एकदा सुचवून पाहिलं. लोक त्यांना बँकेचा फसवणारा समजून शिव्या द्यायचे. भाई “बरं बरं” म्हणून पुढचा नंबर लावायचे. निम्मी यादी झाली असेल.

उन्हाळा संपता संपता एका रविवारी भाई औंधला गेले. म्हणजे वारले. छातीत दुखायला लागलं आणि गाडी येईपर्यंत संपलं होतं. आम्ही सगळे गेलो. मावशीही आल्या. यमाईच्या डोंगराखाली त्यांचं छोटंसं घर होतं आणि त्यात वडिलांचं शिलाई मशीन अजून होतं. त्यांच्या बहिणीने विचारलं, भाईजान ऑफिसात नेमकं काय करत होते? मी सांगायचा प्रयत्न केला. मला ते नीट जमलं नाही. सोमवारी त्यांच्या जागेवर कोणी बसलं नाही, पुढच्या सोमवारी बसलं. त्यांचा दुभाषा अजूनही चालतो, पोरं त्यात फार हात घालत नाहीत.

तीन महिन्यांनी, पुन्हा गणपतीच्या आधी, ऑफिसच्या नंबरवर फोन आला. मी उचलला.

“भाई हायत का? कोयनेकडनं बोलतोय. वडापवाला.”

“नाहीत,” मी म्हणाले. पुढचं सांगणार तोवर त्याने बोलायला सुरुवात केली होती.

“तिचं वर्षश्राद्ध झालं काल. गावात शिबिर घेतलं रगतदानाचं. साठ-पासष्ट मानसं आली. म्या पलीकडं बाकावच बसलो हुतो. डॉक्टर एकेकाचा गट मोठ्यानं वाचून लिवून घेत हुते. तिचा गट एकाचाच निगाला. कोन ते मला कळलं.”

मी खुर्चीत बसले. “त्यांना कळलं का?”

“न्हाई वाटत. तिचा गट त्येला काय म्हाईत? पैल्यांदाच दिलं त्येनं. सुई बघून घाबराया लागला, म्हनून म्या जवळ जाऊन बसलो. दिऊन हुईस्तवर बसलो. कार्ड खिशात घातलं आन् गिरनी चालू कराया गेला.”

मागे पोरीचा आवाज येत होता, ती काहीतरी आपटत होती.

“म्या त्येला काय बोललो न्हाई. बोलनारबी न्हाई कदी. भाईंना तेवढं सांगा.”

“सांगते,” मी म्हणाले.